चाकरमान्यांची चौकशी खिडकी

यंदा अधिक ज्येष्ठामुळे गणपती उशिरा आहेत. गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबर २०२६ला. तरी पत्रं मात्र नेहमीच्याच वेळी येऊ लागली: तिकिटं, घाट, बंद घर, भजनाला माणसं किती. सारख्या प्रश्नांची पत्रं एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: आम्ही सात जण, त्यात सासू-सासरे सत्तरीचे. शुक्रवारी ११ तारखेला रात्री निघून कुडाळला जायचं आहे. दरवर्षी आठ वाजता लॉगिन करतो आणि आठ वाजून दोन मिनिटांनी वेटिंग दिसतं. काय चुकतं? (विरार)

उत्तर: पहिलं म्हणजे तारीख. आरक्षण आता १२० नव्हे, ६० दिवस आधी खुलतं आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. मोजणी गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेवरून होते. कोकणकन्या सीएसएमटीहून रात्री अकराच्या सुमारास सुटते, म्हणून ११ सप्टेंबरच्या गाडीचं आरक्षण १३ जुलैला खुलेल. तुतारी दादरहून मध्यरात्री बारा वाजून पाच मिनिटांची. शुक्रवारी रात्री घरून निघालात तरी तिच्या तिकिटावर १२ तारीख पडते आणि आरक्षण १४ जुलैला खुलतं. दरवर्षी कुणीतरी ११ तारखेचं तुतारीचं तिकीट काढतं, शुक्रवारी रात्री स्टेशनवर पोचतं आणि गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. उलट हे लक्षात ठेवलंत तर एकाच रात्रीच्या प्रवासासाठी दोन सकाळी प्रयत्न करता येतो: १३ला हुकलं तर १४ला. कोकणकन्येत पनवेलहून चढणार असाल तर तिकिटावर १२ तारीख दिसेल, पण आरक्षण १३ जुलैलाच खुलेल, कारण गाडी मुंबईहून ११ला सुटलेली असते.

दुसरं, सात जणांचं तिकीट कसं फोडायचं. एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणून बहुतेक लोक सहा आणि एक करतात. तसं करू नका. साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळीशीच्या पुढच्या बायका यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे. पण तो तिकिटावर एकटं माणूस किंवा अशी दोघंच असतील तरच लागतो. सासू-सासऱ्यांचं दोघांचं वेगळं तिकीट काढा, बाकी पाच जणांचं वेगळं. दोन मोबाईल, दोन खाती, दोन माणसं, एकाच वेळी. नावं-वयं 'मास्टर लिस्ट'मध्ये आधीच भरून ठेवा आणि खात्याला आधार आठवडाभर आधीच जोडा. आरक्षण खुलताना ऑनलाईन तिकीट आधार पडताळलेल्या खात्यावरूनच निघतं आणि तत्काळलाही तेच लागतं. त्या सकाळी ओटीपीची वाट बघत बसलात तर गाडी गेलीच.

वेटिंग आलंच तर ते कुठल्या जातीचं आहे ते बघा. 'जीएनडब्ल्यूएल', म्हणजे सर्वसाधारण वेटिंग, पुढे सरकतं. 'पीक्यूडब्ल्यूएल' (एकत्रित कोट्याचं) किंवा 'आरएलडब्ल्यूएल' (मधल्या स्टेशनांचं) छोट्या कोट्यातलं असतं आणि गणपतीत जवळजवळ हलत नाही. कुडाळपर्यंत पीक्यूडब्ल्यूएल दाखवत असेल तर त्याच गाडीचं शेवटच्या स्टेशनपर्यंतचं तिकीट टाकून बघा: कोकणकन्येचं मडगाव, तुतारीचं सावंतवाडी. थोडे पैसे जास्त जातात, पण बऱ्याचदा जीएनडब्ल्यूएल मिळतं. पुढच्या स्टेशनच्या तिकिटावर कुडाळला उतरायला कुणाची ना नाही, फक्त पुढच्या अंतराचे पैसे परत मिळत नाहीत. वेटिंगवर स्लीपर किंवा एसी डब्यात चढायचा विचार मात्र सोडा. ऑनलाईन काढलेलं वेटिंग तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं.

गणपती स्पेशल गाड्या नंतर, वेगळ्या जाहीर होतात. त्यांचं भाडं जास्त असतं आणि कोकण रेल्वेवर बराचसा मार्ग एकेरी असल्याने त्यांना क्रॉसिंगसाठी थांबवतात. तीन-चार तास उशीर गृहीत धरूनच त्यात बसा. चिपळूणपर्यंतच जायचं असणाऱ्यांनी दिवा-पनवेलहून सुटणाऱ्या अनारक्षित मेमूंवर नजर ठेवावी.

आणि परतीचं? या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. रविवारी २० सप्टेंबरला परतायचं तर आरक्षण २२ जुलैला खुलेल. जायला एसटी, टेम्पो, शेजाऱ्याची गाडी, काहीही मिळतं. येताना सगळं कोकण एकाच दिवशी निघतं, म्हणून आमचं मत असं की दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर परतीचं आधी साधावं. पावसाळी वेळापत्रकात परतीच्या काही गाड्या एरवीपेक्षा आधी सुटतात, तेव्हा मे महिन्यातली वेळ डोक्यात ठेवून स्टेशनवर जाऊ नका.

वाडीतली चाळीसएक माणसं जमली तर एसटीचं ग्रुप बुकिंग अजूनही सगळ्यात बिनघोर: गाडी थेट गावात जाते, बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत.

प्रश्न: डोंबिवलीहून देवरुखजवळच्या गावी स्वतःच्या गाडीने जातो. गेल्या वेळी पेण-वडखळलाच चार तास गेले. पुणे-कोल्हापूरमार्गे जावं का? (डोंबिवली)

उत्तर: पेण-वडखळ चुकवायला पुण्यापर्यंत जायची गरज नाही. द्रुतगती मार्गाने खोपोलीला उतरा आणि पालीवरून वाकणला मुंबई-गोवा महामार्गाला लागा. पेण, वडखळ, नागोठणे मागे पडतात. पुढे इंदापूर आणि माणगावच्या बाजारपेठा मात्र लागतातच आणि खरी कोंडी तिथेच होते. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना दुकानं, मधेच विक्रम रिक्षा वळते. हा टप्पा सकाळी सहाच्या आत मागे टाकायचा असं ठरवून घरून निघायची वेळ काढा. डोंबिवलीहून रात्री दोन-अडीचला निघालात तर जमतं. रात्री दहाला निघणाऱ्यांना ही गर्दी मध्यरात्रीच गाठते, कारण मुंबईतला प्रत्येक जण कामावरून सुटून दहालाच निघतो.

महाडपुढे कशेडीचा बोगदा झाल्यापासून पोलादपूर-खेड हा टप्पा सोपा झाला आहे. परशुराम घाटात मात्र जोराच्या पावसात दरड येते. निघायच्या आधी चिपळूणच्या कुणाला तरी फोन करून घाट चालू आहे का विचारा. मोबाईलवरचा नकाशा लाल रेघ दाखवतो, पण ती दरड आहे की टोलची रांग, ते सांगत नाही.

घाटावरून जायचं तर तुमच्यासाठी पुणे-सातारा-कराड, तिथून शाहूवाडीजवळचं मलकापूर आणि आंबा घाट उतरून साखरपा-देवरुख. अंतर शंभर किलोमीटरच्या वर वाढतं. महामार्ग खरंच तुंबला असेल तरच ते परवडतं. चिपळूण-गुहागरवाल्यांना कराड-पाटण-कोयनानगर-कुंभार्ली घाट. वैभववाडीला गगनबावड्याहून, कणकवलीला राधानगरीहून फोंडा घाटाने, सावंतवाडीला आंबोलीवरून. या घाटांत पावसाळ्यात धुकं दाट असतं. हेडलाइट अप्परवर ठेवला तर उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांवर येतो, म्हणून डिप्परच ठेवा. एसी चालू करून वारा काचेवर सोडा, नाहीतर आत बसलेल्या पाच जणांच्या श्वासाने काच मिनिटात धुरकट होते. उतरताना दुसऱ्या गिअरवर उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवून सामानाने भरलेली गाडी आंब्याच्या उतारावर आणली तर खाली येईपर्यंत ब्रेक तापून ढिले पडतात.

टोलमाफीचा पास सरकार दरवर्षी वेगळा जाहीर करतं. आरटीओ, वाहतूक पोलीस किंवा पोलीस ठाण्यात गाडीचा नंबर आणि मालकाचं नाव देऊन तो घ्यायचा आणि काचेवर लावायचा. परतीलाही लागतो, फेकू नका.

प्रश्न: घर मे महिन्यापासून बंद आहे. चतुर्थीच्या दोन दिवस आधी पोचतो आणि ते दोन्ही दिवस लाईट, पंप आणि पाण्यातच जातात. घर उघडायची काही रीत आहे का? (ठाणे, नालासोपारा, कळवा अशी तीन पत्रं)

उत्तर: आहे, आणि ती अंधार पडायच्या आत करायची. रात्री अकराला पोचणार असाल तर पहिली रात्र शेजारी किंवा भावकीत काढा.

कुलूप अडलं तर किल्लीवर जोर देऊ नका, ती आत मोडते. भोकात दोन-चार थेंब मशीनचं तेल सोडा, पाच मिनिटं थांबा आणि किल्ली पुढे-मागे हलवत राहा. दार फुगलेलं असतं. लाथ मारल्यावर चौकट सुटते, दार नाही. पट्टीच्या बाजूने खांद्याने दाबत उघडा.

आत शिरताना पायात बूट, हातात बॅटरी आणि काठी. चटया, गोणपाटं, सुकी लाकडं, पडवीतली रिकामी घमेली आधी काठीने उचला, मग हाताने. फुरसं लाकडांच्या आणि दगडांच्या फटीत बसतं. ते लहान दिसतं म्हणून लोक त्याला साधं समजतात, पण नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार विषारी सापांत ते मोडतं. विंचू भिंतीच्या भेगांत, कौलांखाली आणि खुंटीवर टांगलेल्या कपड्यांत. काही चावलंच तर बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही न करता हात किंवा पाय स्थिर ठेवून थेट ग्रामीण रुग्णालय गाठा, १०८ला फोन करा. आपल्याकडची सर्पदंशाची लस या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप मारून बरोबर न्यायची काही गरज नसते. लाल विंचवाचा दंश मुलांत हृदयावर जातो. घाम, उलटी, हातपाय गार ही लक्षणं दिसली तर मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका.

मग वर बघा. वानरांनी कौलं सरकवलेली असतात आणि त्याखालची भिंत ओली असते. त्या भिंतीत वायर असेल तर लाईटचा घोळ तिथून सुरू होतो. मेन चालू करण्याआधी सगळे छोटे स्विच म्हणजे एमसीबी खाली पाडा. मग मेन आणि ईएलसीबी (वीज कुठे झिरपली की आपोआप पडणारा स्विच) वर करा. ती टिकली तर एक एक एमसीबी चढवत जा. ज्या खटक्याला ईएलसीबी पडते, त्या खोलीत ओल आहे. ती खोली तशीच बंद ठेवून बाकीचं घर चालवा. वायरमन येईपर्यंत ईएलसीबीला बगल देऊन थेट जोडणी करणारे महाभाग प्रत्येक वाडीत असतात. त्यांना चहा द्या, पक्कड देऊ नका.

पंप. बटण दाबल्यावर नुसता घुंगुर्र आवाज येऊन फिरत नसेल तर ताबडतोब बंद करा. महिनोन्महिने उभा राहिल्याने तो गंजून अडकलेला असतो आणि तसाच चालू ठेवला तर वायंडिंग जळतं. वीज पूर्ण बंद करून मागचं झाकण काढा, पंख्याचं पातं हाताने दोन-तीनदा फिरवा, मग चालू करा. फिरतो पण पाणी ओढत नाही, तर फूटव्हॉल्व्हमधून (विहिरीतल्या पाइपाच्या तळाच्या झडपेतून) पाणी उतरून गेलेलं आहे. पंपाच्या नरसाळ्यातून काठोकाठ पाणी भरा, बुडबुडे थांबेपर्यंत.

आता विहीर, कारण याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. 'मूठभर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं' हे माप नव्हे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीने गुणा, मग ३.१४ने गुणून ४ने भागा. येईल तो आकडा हजार लिटरमध्ये. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर. चांगल्या टीसीएल पावडरीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे इथे ७० ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर जास्त लागतं. पावडर तशीच विहिरीत टाकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करा, मग बादली पाऊणपर्यंत भरा (एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको), पाच-दहा मिनिटं ठेवा. खाली चुना बसतो. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओता आणि ती बादली दोरीने विहिरीत सोडून पाण्याखाली वर-खाली हलवा. खालचा चुना विहिरीत नको, त्याने पाणी जड होतं. एक तास पाणी काढायचं नाही. तासाभराने ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी तपासणी करून घ्या. नळीतलं पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. मागच्या वर्षीची फडताळात उघडी राहिलेली पावडर निकामी झालेली असते. पंचायतीतून ताजी घ्या. सोवळ्याच्या पाण्यात टीसीएल चालेल का, असं एका पत्रात विचारलं आहे. नैवेद्याचं पाणी वेगळं उकळून ठेवा, विहिरीतलं औषध चुकवू नका.

गॅस शेवटी. उंदरांनी नळी कुरतडलेली असते आणि बहुतेक वेळा शेगडीच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला. रेग्युलेटर लावून नळीवर साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडा आला तर नळी बदला, चिकटपट्टी लावू नका.

प्रश्न: मूर्ती पुण्याहून न्यावी की गावच्या गणपतीच्या शाळेत (मूर्तिकाराच्या कारखान्यात) सांगावी? (कोथरूड)

उत्तर: गावात. गणपतीच्या शाळेत नागपंचमीच्या आत मूर्ती ज्यावर घडवतात तो पाट पोचला पाहिजे, उशीर झाला तर मूर्ती रंगाच्या वेळी ओली राहते. न्यायचीच असेल तर शाडूची मूर्ती भाजलेली नसते हे लक्षात ठेवा. सीटला उतार असतो, म्हणून सीटवर नको. मागच्या सीटच्या पायाकडच्या जागेत घडी केलेल्या गोधडीवर सपाट ठेवा, बाजूंनी उशा लावा. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आत बाष्प धरून रंग सुटतो. सुती कापड घाला, प्लास्टिक वरून सैल. सोंड, कान आणि वरद हात ही मोडायची ठिकाणं. मूर्तिकाराकडून मूठभर शाडू मागून घ्या. प्राणप्रतिष्ठेच्या आधी काही निखळलं तर ओल्या शाडूने जोडायला शास्त्राची आडकाठी नाही.

प्रश्न: लग्नानंतर पहिल्यांदाच गावच्या घरी आमच्या वाटणीचं भजन आहे. चाळीस माणसं. काळ्या वाटाण्याची उसळ आणि पाव करायचं ठरलं. प्रमाण सांगा. (कल्याण)

उत्तर: माणशी ५० ग्रॅम कोरडे वाटाणे धरा, म्हणजे दोन किलो. नारळ चार, कांदे दीड किलो, मालवणी मसाला सहा-सात मोठे चमचे, पाव शंभर. कांद्याचं आधी सासूबाईंना विचारा. काही घरांत गौरी जाईपर्यंत कांदा-लसूण चुलीवर चढत नाही. तिथे नुसत्या भाजलेल्या खोबऱ्याचं, धणे-बडीशेप घालून वाटप करतात.

वाटाणे दहा ते बारा तास भिजले पाहिजेत. मागच्या वर्षीचे असतील तर कोमट पाण्यात, चिमूटभर सोडा टाकून. सकाळी दहाला आठवण झाली तर संध्याकाळी भजनी मंडळी खडे चावतात. कुकरला सहा-सात शिट्ट्या, एका वेळी किलोभरच. वाटप दुपारी बाराच्या आत मिक्सरमधून काढून घ्या, कारण आरतीच्या सुमारास वीज जाते आणि चाळीस माणसांचं खोबरं पाट्यावर वाटायला घरात आता कुणी नाही. वाटलेलं तसंच ठेवलं तर दमट हवेत सहा तासांत आंबतं, म्हणून लगेच तेलावर परतून ठेवा. पेटी-तबला-पखवाज वाजवणाऱ्यांसाठी पानसुपारी वेगळी काढून ठेवा आणि बुवांना नारळ द्यायला विसरू नका. आपल्या घरी भजन कितव्या क्रमाने येणार हे वाडीत आधी विचारा. दहाव्या घरी मंडळी रात्री दोनला पोचतात आणि तोवर तीन घरांची उसळ खाल्लेली असते. तुमचा नंबर शेवटचा असेल तर वाटाणे दीड किलो पुरतील.

प्रश्न: वडील दोन वर्षांपूर्वी गेले. मी दुबईहून आठ दिवसांसाठी येतोय. तेवढ्यात सातबारावर वारसांची नावं लावून घेता येतील का? (मूळ गाव राजापूर तालुका)

उत्तर: आठ दिवसांत नोंद मंजूर होत नाही. अर्ज आल्यावर ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, फेरफार टाकतात, नोटीस काढतात आणि हरकतीसाठी पंधरा दिवस द्यावे लागतात. त्यानंतर मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. म्हणून उलटं करा: ई-हक्क या सरकारी ऑनलाईन प्रणालीवर अर्ज गावी येण्याआधीच भरा, भाऊ-बहिणींची आधारपत्रं, मृत्यूचा दाखला, आठ-अ (खातेउतारा) आणि सातबारा जोडा. या आठ दिवसांत फक्त सही आणि प्रतिज्ञापत्र उरेल असं बघा. विवाहित बहिणींची नावं वगळू नका, त्या वारस आहेत. नंतर नोंद रद्द होऊन सगळं पहिल्यापासून करावं लागतं. चतुर्थीची सुट्टी असते आणि पुढचे दोन-तीन दिवस कार्यालयात माणूस भेटेल याची खात्री नसते, तेव्हा तालुक्याला शुक्रवारीच जाऊन या.

सामाईक सातबारा असेल तर चुलत्यांशी बोलणं आलंच. ते पाचव्या दिवशी विसर्जन झाल्यावर, अंगणात बसून करा. गणपतीच्या पाटासमोर भाऊबंदकीचा विषय काढला की आरतीला माणसं कमी होतात.

प्रश्न: गेल्या वर्षी गावाहून आल्यावर आठवड्याने मुलाला ताप आला, लेप्टो निघाला. यंदा काय काळजी घ्यावी? (भांडुप)

उत्तर: गुरं आणि उंदीर यांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून हा जंतू पायाच्या जखमेतून किंवा भिजून मऊ झालेल्या कातडीतून शिरतो. भातखाचरात, व्हाळात (ओढ्यात), गोठ्याच्या चिखलात मुलांना अनवाणी सोडू नका. गमबूट तालुक्याच्या बाजारात मिळतात. पायाला जखम असेल तर ती झाकल्याशिवाय विसर्जनालाही पाण्यात उतरू नये. प्रतिबंधक गोळी काही जणांना देतात, पण ती प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारूनच, आणि मुलांना स्वतःच्या मनाने अजिबात नाही.

लक्षणं साधारण पाच ते चौदा दिवसांनी दिसतात, म्हणजे तुम्ही मुंबईत परतलेले असता. जोराचा ताप, पोटऱ्या आणि कंबर ठणकणं, डोळे लाल, लघवी कमी. शहरातला डॉक्टर आधी डेंग्यू-मलेरिया तपासतो. त्याला पहिल्या वाक्यातच सांगा: 'कोकणात जाऊन आलोय, मुलगा शेताच्या पाण्यात खेळला होता.'